तांब्याच्या चकतीतला साक्षात्कार

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्याला त्याला चष्म्यापासून मुक्ती हवी होती! दृष्टिदाते महाराज एकेकाच्या नाकावरचा चष्मा उतरवत, हातात तांब्याची चकती देत. एक डोळा मिटून दुसऱ्याला चकती लावली, की गडी समोरच्या भिंतीवरची पाटी घडाघडा वाचू लागे. मग टाळ्यांचा कडकडाट!

"चष्मा म्हणजे डोळ्यांचा आळस!" महाराज गरजले. "घारीला चष्मा आहे? टाका तो या पिंपात!"

रांगेत एक बसड्रायव्हर सहावीतल्या लेकीला घेऊन उभा होता. तिचा नंबर दरवर्षी चढत होता, त्याच्या चष्म्याची काच तर बाटलीच्या बुडासारखी. "आधी मी करून बघतो, गुण आला तर मग तू," असं त्याने ठरवलं होतं. लेक मात्र त्याची बाही मागे ओढत होती. चष्मा नसला की पप्पा घरात खुर्चीला 'जरा सरका' म्हणतात, आणि उद्या सकाळची पहिली गाडी त्यांचीच!

पप्पांनी चकती लावली आणि पाटी वाचली. त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, लख्ख दिसतंय गं!" म्हणत त्यांनी चष्मा पिंपावर धरला.

"थांबा पप्पा!" लेकीने चकती हिसकावून उलटसुलट पाहिली. मधोमध टाचणीएवढं भोक, बाकी नुसतं तांबं. तिने खिशातलं बसचं तिकीट काढलं, बॅगेच्या पट्ट्याची सेफ्टीपिन त्यात खुपसली, आपला चष्मा काढला आणि भोकातून पाटी वाचून दाखवली. "हे घ्या, तिकीटही पावलं!"

"पोरीच्या अंगात शंका शिरलीय!" महाराज ओरडले.

"अंगात काही नाही शिरलं. तिकिटात पिन शिरली."

लोक हसले आणि आपापली तिकिटं टोचू लागले. सगळ्यांना दिसलं! यात गूढ कसलं डोंबलाचं? लांबचं न दिसणाऱ्या डोळ्यात प्रकाश पसरून पडतो, म्हणून धूसर दिसतं. बारीक भोकातून मोजकेच किरण आत जातात, त्यांना पसरायला वावच नसतो. भोक बाजूला केलं, की नंबर होता तिथेच.

ड्रायव्हरने तिकीट खाली केलं. "महाराज, उद्या एक डोळा मिटून या भोकातून गाडी चालवू? बाजूची सायकल, आडवं येणारं पोर, यात मावेल?"

"श्रद्धा असेल तर..."

"श्रद्धा माझी असेल हो, पण गाडीतली माणसं लोकांची आहेत!" त्याने चष्मा नाकावर चढवला.

मग पिंपावर झुंबड उडाली. कुणाचा चष्मा कुणाच्या नाकावर! त्या गोंधळात महाराज मागच्या दाराने सटकले. दिसणार कुणाला?

"पण पप्पा, माझा नंबर वाढतच राहणार?" लेकीने बाहेर येऊन विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

ड्रायव्हर ओशाळला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी केव्हाच सांगितलं होतं: नंबर पळवून लावता येत नाही, पण त्याच्या वाढीला लगाम घालता येतो. रोज उघड्यावर भरपूर खेळू द्या, पुस्तक नाकाला चिकटवू देऊ नका, बरोबर नंबरचा चष्मा लावा, डोळे तपासून घेत राहा. त्यात ना चकती ना टाळ्या, म्हणून त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं.

"उद्यापासून शाळा सुटली की आधी मैदान," तो म्हणाला. "आणि चष्मा लावून हं!"

मंडळी, उद्या तुमच्या हातातही कुणीतरी अशी चकती ठेवेल. डोळ्याला लावण्याआधी ती उलटून बघा.