उपरण्याखालचा भाव

कानिफनाथांनी नातीचा हात आपल्या हातात घेतला, वरून खांद्यावरचं उपरणं टाकलं आणि नजर समोरच्या गाईवर ठेवून ते म्हणाले,

“हं, दे भाव.”

“आबा, हे काय? सरळ सांगते ना.”

“हळू बोल. तुजी आजी दोन दावणीपल्याड उभी हाय.”

घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हातात हात घेतात, बोटं दाबतात, आणि भोवती जमलेल्या शहाण्यांना शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. कानिफनाथांचा सगळा जन्म या दलालीत गेलेला. त्यामुळं स्वतःच्या यकृतातल्या गाठीची बातमीसुद्धा त्यांना याच रीतीनं हवी होती. चांगली असली तर एक बोट, वाईट असली तर सगळी मूठ, असं त्यांनी नातीला, दिशाला, एसटीतून उतरल्या उतरल्या बजावलं होतं.

गाठ हिवाळ्यात पुण्याला काढली. ती परत उगवेल का, हा एकच प्रश्न उरला होता, आणि घरात तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. दिशा पुण्यातच एका प्रयोगशाळेत काम करायची. पेशीला फार उष्णता किंवा ताण सोसावा लागला की ती एक प्रकारची प्रथिनं तयार करते, ती बाकीच्या प्रथिनांना विस्कटू देत नाहीत, असं तिनं आजोबांना समजावलं होतं. कर्करोगाची गाठ हीच प्रथिनं बळकावून बसते. गाठीत ती जितकी जास्त, तितकी गाठ बहुतेक चिवट निघते.

“म्हंजी गाठीनं डोक्यावर मांडव घालून घेतलाय,” कानिफनाथ तेव्हा म्हणाले होते. “मंग मांडवच उपटा की तिचा!”

“तशी औषधं शोधतायत, आबा. अजून त्यांच्या चाचण्याच चालू आहेत. पण तुमच्या गाठीवरचा मांडव किती दाट होता, ते मात्र बघता येईल.”

तो अहवाल आता आला होता. कानिफनाथांनी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. बातमी वाईट असली तर दुभती गाय घ्यायची, म्हणजे आपल्या मागं बायकोला, लंकाबाईला, दुधाची ददात नको. चांगली असली तर ती तांबडी कालवड, सकाळपासून डोळ्यांत भरलेली. ती विणार दोन वर्षांनी. तिचा खरवस खायला माणूस जागेवर असायला हवा.

दिशानं एक बोट त्यांच्या तळहातात दिलं.

पण उपरण्याखालचा पहिला भाव कुणी खरा मानतं का? त्यांनी चाचपून तिचं दुसरं बोटही ओढलं. दिशानं ते मिटून घेतलं. त्यांनी परत ओढलं.

“ओढू नका हो. एकच आहे.”

“नातं बघून भाव लावू नगं, पोरी.”

“नाही लावला. मांडव अगदी विरळ होता. डॉक्टरही खूश आहेत. पण आबा, ही नुसती खूण आहे, हमी नाही. तपासणीला वेळच्या वेळी यायचंच.”

“हमी तर हितं कुनी बैलाचीबी देत न्हाई!”

म्हातारा इतक्या मोठ्यानं हसला की शेजारची म्हैस दाव्याला हिसका देऊन मागं सरली. नातीचं बोट मात्र त्यानं सोडलं नाही. लहानपणी याच बाजारात ती त्याचं बोट धरून फिरायची.

दोघं दावणी ओलांडून गेली, तर लंकाबाई तांबड्या कालवडीचं दावं मनगटाला गुंडाळून उभ्या. कालवडीच्या कपाळावर गुलाल होता. म्हणजे सौदा झालासुद्धा.

“इसार दिलास?”

“व्हय. तुमचं उपरण्याखाली चाललं हुतं तवाच.”

“अगं, रिपोट कळायच्या आदी? त्यो वाईट निघाला असता म्हंजी?”

“तरीबी हीच घेतली असती. सकाळधरनं दुभत्या गाईंच्या कासा चाचपताय, मला काय दिसत न्हाई? माज्या दुधाची सोय लावली की तुमी मोकळं, व्हय? आदी हिला वाढवा, हिचा खरवस खा, मंग बगू.”

भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळणाऱ्या कानिफनाथांनी उगाच कालवडीची पाठ थोपटली. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही त्यांना भान राहिलं नाही.

“आता मलाबी कळू द्या,” म्हणत लंकाबाईंनी हात पुढं केला. जन्मभर हे उपरणं त्यांनी धुतलं होतं, त्याखाली हात आज पहिल्यांदाच घातला. आसपासचे दलाल आपापले सौदे सोडून बघायला लागले.

कानिफनाथांनी एक बोट दिलं.

“एक म्हंजी बरं का वाईट?”

“बरं. लई बरं.”

लंकाबाईंनी घासाघीस केली नाही.