मधल्या स्टेशनावरचं गवत

"चाची, फोन कानाला नका लावू! मला नुसतं तुमचं कानातलं दिसतंय!"

अलीजा एवढ्या जोरात ओरडली की काउंटरसमोर बसलेल्या गिऱ्हाइकाने माहितीपत्रकातून डोकं वर काढलं. तिने त्याला "वन मिनिट, सर" म्हटलं आणि खुर्ची गर्रकन फिरवून पाठ केली.

हे ऑफिस तिच्या अब्बांचं. म्हणजे मालकीचं नव्हे. दोह्यातल्या अल सद्दमधल्या या ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर रहमान अब्बा अठरा वर्षं बसत होते, एवढंच. शाळेला सुटी, बाहेर जुलैचं ऊन भट्टीसारखं पेटलेलं, म्हणून अलीजा रोज त्यांच्यासोबत यायची. आज अब्बा एका गिऱ्हाइकाचे पासपोर्ट पोचवायला गेले आणि फोन चार्जिंगलाच विसरले. त्याच फोनवर हा व्हिडिओ कॉल आला होता. थेट स्वित्झर्लंडहून.

पडद्यावर आता कानाऐवजी आकाश आलं, मग चाचीचा घाबरलेला चेहरा.

"बाय गो, अब्बा खंय तुझा? हयसर एक माणूस आमच्या अंगावर धावून आलाय!"

ही जागा अलीजानेच सुचवली होती.

नसरुद्दीन चाचांचं अल नस्रमध्ये शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाला एक माळा होता. रत्नागिरीहून नवीन आलेला पोरगा नोकरी लागेपर्यंत त्या माळ्यावर झोपायचा. किती पोरं झोपून गेली, त्याचा हिशेब चाचांनी ठेवला नाही. नियम एकच : साजिदाचाचीचं कालवण गार व्हायच्या आत जेवायला हजर व्हायचं. रहमानही एकेकाळी त्याच माळ्यावर पाय मुडपून झोपले होते.

आता चाचा दुकान आवरून कायमचे गावी निघाले होते. दोहा सोडणाऱ्या माणसाला इथली रीत म्हणजे एक मोठी बॅग आणि जाड ब्लँकेट. पण माळ्यावरची पोरं, ज्यांना आता पोटं सुटली होती आणि दाढ्या पिकल्या होत्या, ती जमली तेव्हा अब्बा म्हणाले, "ब्लँकेट कसलं देताय? चाचीने इतक्या वर्षांत समुद्रकाठच्या कॉर्निशच्या पलीकडे काय बघितलंय?"

म्हणून सगळ्यांनी मिळून दोघांना पाठवलं तळ्याच्या गावाला. त्या गावाचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसत नाही, त्यामुळे ऑफिसात सगळे तळ्याचं गावच म्हणतात. तळ्यावर फिरणारी बोट, दरीतला धबधबा, चीज बनवायचा कारखाना, आणि रोपवेच्या दोरावरच्या लाल डब्यातून डोंगरमाथा. अब्बांनी सगळं स्वतः आखलं होतं. चाचांना विचारलं तर ते म्हणायचे, "पोरांनो, माझ्यासाठी कशाला एवढं?" आणि अब्बा म्हणायचे, "चाचा, खलास. आता बोलायचं नाही."

मधल्या स्टेशनावर उतरायचं मात्र अलीजाने घुसडलं होतं. "माथ्यावर गर्दी असते, चाची. मधे उतरा. शांत आहे, नमाजाला मस्त जागा. फक्त शेवटचा डबा पाचला खाली जातो, तो चुकवू नका. त्यानंतर काहीच नाही!"

आणि आता इथे सव्वापाच, तिकडे सव्वाचार.

"चाचा कुठे आहेत? फोन त्या माणसाकडे वळवा," अलीजा म्हणाली.

फोन वळला. हिरवा उतार, कमरेपर्यंत गवत, त्यात पिवळी-जांभळी फुलं. गवताच्या मधोमध नमाज पढायच्या दोन जानमाज अंथरलेल्या, एकीवर चाचा बसलेले, शेजारी थर्मास, चपातीचा डबा, आणि चाचांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. त्यांच्यापुढे हातात लाकडी दाताळं घेतलेला, टोमॅटोसारखा लाल झालेला शेतकरी.

अलीजाने घसा खाकरला. वर्गात वक्तृत्वाला गेल्याच महिन्यात पहिली आलेली मुलगी ती, घाबरते होय! "सर, दे आर नॉट पिकनिकिंग! दे आर प्रेइंग!"

"प्रेइंग इज गुड," शेतकरी म्हणाला. "बट नॉट हिअर. धिस ग्रास इज फॉर माय काऊज. फॉर विंटर. नाऊ आय कॅनॉट कट."

"काय बोलतोय तो?" चाची.

"म्हणतो, गवत हिवाळ्यासाठी आहे. गाईंना. आडवं झालं की कापता येत नाही."

चाचीने कपाळावर हात मारल्याचा आवाज दोह्यापर्यंत ऐकू आला.

"या अल्ला! राखणीचं गवत हाय हे!"

"म्हणजे?"

"अगो, आमच्या माहेरी अख्खा उतार राखून ठेवायचे. बकरीसुद्धा सोडायची नाय. कापणी होईस्तोवर कोणी पाऊल टाकलं तर माझा बाप चप्पल फेकून मारायचा. हा बिचारा नुसता ओरडतोय!" मग आवाज चढला, "अवो, उठा! तुमी कशावर बसलाव ते बघा!"

"मी बगीचा समजलो," चाचा म्हणाले. "कुंपण नाय, पाटी नाय. कॉर्निशवर आपण बसतो ना तसा..."

"कॉर्निशवर गाई चरतात काय?"

अलीजाला अशा वेळीही हसू फुटलं. पण लगेच तिने घड्याळ बघितलं. "चाची, सॉरी म्हणा आणि निघा. स्टेशनपर्यंत चढ आहे. यल्ला, यल्ला!"

पण चाची निघाली नाही. तिने फोन थर्मासला टेकवून उभा केला, जानमाजांच्या घड्या घातल्या, ओढणी कमरेला खोचली आणि गुडघे टेकून आडवं पडलेलं गवत बोटांनी उचलू लागली. एकेक मूठ मुळाशी धरायची, हलकेच झटकायची, उभी करायची. पोरींची वेणी घालताना केस सोडवतात तशी.

"साजिदा, डबा जाईल!" चाचा म्हणाले.

"जाऊ दे. ह्याचं गवत असं टाकून मी नाय जायची."

चाचा एकदा डोंगराकडे बघत राहिले, एकदा बायकोकडे. मग तेही टेकले. सुईत दोरा ओवणारी ती बोटं गवतात शिरली.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि घामाने निथळलेले अब्बा आत आले. "काय झालं? चाचांचा फोन?"

अलीजाने सगळं एका दमात सांगितलं. "आणि अब्बा, तिथे उतरायला मीच सांगितलं होतं," हेही सांगून टाकलं. अब्बांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन हिसकावून घेतला.

"चाची! सोडा ते! स्टेशनाकडे चला आधी!"

"तू गप रे, रहमान. माळ्यावरून उठून पळायचास तेव्हा तुझी चादर कोण उचलायचं? मीच ना? पसारा टाकून पळायचं हे तुमचं पोरग्यांचं काम. माझं नाय."

अठरा वर्षं भल्याभल्या शेखांना गप्प करणारे अब्बा कान खाजवू लागले. समोरचं गिऱ्हाईक मराठी समजत नसूनही खो खो हसलं.

पडद्यावर शेतकऱ्याचे बूट आले. मग दाताळं गवतावर आडवं ठेवलेलं दिसलं. मग तोही खाली बसला. चाचीने त्याला बोटाने दाखवलं, असं धर. त्याने मान हलवून तिला दाखवलं, नाही, असं. दोघांचं काही जमेना आणि दोघंही हसली. बराच वेळ तिघं तशीच काम करत राहिली. फोन कोणी उचललाच नाही.

त्यांच्या पाठीमागून, वर दोरावरून, शेवटचा लाल डबा रिकामाच खाली उतरत गेला.

अब्बा मटकन खुर्चीत बसले. "गेला. माझ्या चाचा-चाचींना डोंगरावर अडकवलं मी. एवढी एक गोष्ट त्यांच्यासाठी करायची होती, तीही..."

"अब्बा, थांबा. तो काहीतरी म्हणतोय."

शेतकऱ्याने फोन हातात घेतला होता. चेहऱ्याचा लाल रंग आता नुसत्या उन्हाचा वाटत होता. "टेल युवर फादर, आय ड्राइव्ह देम डाऊन. बट फर्स्ट मिल्किंग. टू अवर्स. ओके?"

"ओके, सर! थँक यू, सर! व्हेरी व्हेरी मच, सर!" अलीजा खुर्चीवरून उडालीच. "अब्बा, तो सोडेल गाडीने! दूध काढून झाल्यावर!"

"अल्लाचा शुकर," अब्बा पुटपुटले. पण काळजी काही सुटेना. "चाची, दोन तास काय करणार तिथे? थंडी वाजेल."

"त्यान घोंगडी दिली मना. दूधपण देतो बोलला," चाची म्हणाली. ती आता एका लाकडी घराबाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी चाचा टेकले. "रहमान, आज सकाळपासून आमी नुसते धावतोय. बोट पकड, डबा पकड. आत्ता कुठे बसले मी. आणि बसले तर हे केवढं! तू आमाला हे असं सांगितलंच नव्हतंस."

"मी कुठे बघितलंय, चाची."

चाचांचा चेहरा पडद्यात पुढे आला.

"म्हणजे?" चाचांनी विचारलं. "तू तर सगळ्यांना सांगतोस, धबधबा असा, तळं तसं..."

"ते वाचून, चाचा. गिऱ्हाइकं परत येऊन सांगतात ते ऐकून." अब्बा हसले. "सुटी मिळाली की आपलं रत्नागिरी. तुम्हाला माहीत आहे ना."

अलीजाला हे माहीत होतं, पण असं शब्दांत तिने ते कधी ऐकलं नव्हतं. तिने टेबलावरच्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

चाचांनी फोन उलटा फिरवला.

"बघ," एवढंच म्हणाले.

डोंगर होता. अर्ध्यावर ढग, त्याच्या वर बर्फ, आणि बर्फावर उतरतीचं ऊन. खूप खाली नखाएवढं निळं तळं. कुठून तरी गाईंच्या घंटा वाजत होत्या, एका लयीत नाही, जशी गाय मान हलवेल तशा.

"भाईसाब, हमारा पॅकेज?" गिऱ्हाइकाने विचारलं.

अब्बांना ऐकूच आलं नाही. ते उठून फोन घेऊन भिंतीपाशी जाऊन उभे राहिले होते. मग अलीजा त्यांच्या खुर्चीत सरकली, पाठ ताठ केली, आणि म्हणाली, "बैठिये सर, मैं बताती हूँ. चार रात या पाँच?"

बोलता बोलता तिने एकदा मागे वळून बघितलं. चाचांचा हात भरून आला असावा. पडद्यावरचा डोंगर थरथरत होता. मग कडेने बांगड्या घातलेला एक हात आत आला, त्याने फोन खालून धरला, आणि डोंगर पुन्हा स्थिर झाला.