जुन्या मालकाने सांगितलेला पगार

कटिंग मास्तरांचा हात असा, की चार वार कापडातून ते साडेचार वारांचं काम काढत. तोंडाच्या बाबतीत मात्र आनंदच होता. चौदा वर्षं एकाच कारखान्यात कपडे बेतले, पगार बावीस हजारांवर येऊन बसला, आणि वाढीचा विषय निघाला की मालक म्हणायचे, "परवडत नाही हो, मास्तर." मास्तर मान डोलवून पुन्हा कात्रीकडे वळायचे. शेवटी कारखाना विकून मालक मोकळे झाले आणि मास्तर घरी बसले.

तीन ठिकाणी मुलाखती झाल्या. तिन्हीकडे जुना पगार विचारला, तिन्हीकडे या हरिश्चंद्राच्या अवताराने खरा सांगितला, आणि तेविसाच्या वर कोणी सरकेना. मुलीचं कॉलेज काही तेविसात बसत नव्हतं.

"आज आकडा सांगितलात तर याद राखा," बायको म्हणाली. "विचारलंच तर म्हणायचं, ते खाजगी आहे. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," मास्तर शर्टाचं बटण चुकीच्या काजात घालत म्हणाले.

चौथ्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी आधी एक जाकीट कापून घेतलं. टेबलावरच्या चिंध्या बोटांनी चाळून पाहिल्या, तर सगळ्या मिळून मूठभरच. मग विचारलं, "आधी किती मिळायचे?"

मास्तर कात्रीकडे बघत म्हणाले, "ते खाजगी आहे."

"असं होय?" बाईंनी सरळ जुन्या मालकांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

आता गंमत अशी, की या दोन मालकांचं धंद्यात वीस वर्षं वाकडं. बाई चारचौघांत त्यांना चिक्कू म्हणायच्या. त्याच बाईंपुढे बावीस म्हणायला त्यांची जीभ रेटणार कशी?

"मास्तरांना ना? चाळीस देत होतो," फोनवरून आवाज आला. "त्या हाताला चाळीसच्या खाली देणं म्हणजे पाप आहे, बाई. तुम्हाला झेपायचं नाही."

बाई इरेला पेटल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "बेचाळीस. उद्यापासून या."

घरी हे ऐकून बायको पोट धरून हसली. "फुशारकी त्यांनी मारली आणि भलं आपलं झालं!"

मास्तर चपला न काढताच खुर्चीत बसले होते.

"आता काय झालं?"

"मला वाटायचं, मालकाला कामातलं कळत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून आपली किंमतही कळत नसेल, असं मी धरून चाललो. पण बाईंनी विचारल्यावर तो जरासुद्धा अडखळला नाही गं. चाळीस त्याला पाठच होते."

बायको हसायची थांबली. बेचाळीस मिळाल्याचा आनंद त्या घरात दुसऱ्या दिवसापर्यंत काही आला नाही.