न घातलेला घाव

"पाठ धरलीय म्हटलं ना एकदा! माणसाला धड दुखूपण देत नाही ही बाई," क्रिसान्तो झुल्यातल्या झुल्यात कूस बदलत पुटपुटला. पुटपुटणं बासिलियाला ऐकू जाईल इतपत मोठं होतं.

बासिलिया नारळ खवत होती. तिने मान वर केली, पण नवऱ्याकडे नाही, झाडाकडे पाहिलं. मागच्या दारचं बदामाचं झाड पावसात कलंडलं होतं आणि आता नेमकं दोन्ही पोरं निजायची त्या कोपऱ्यावर ओणवं झालं होतं. उत्तरेचा वारा एकदोन दिवसांत सुटणार, हे होंडुरासच्या त्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. समुद्र सकाळपासून शिशासारखा निपचित पडला होता. झाड मधूनच करकरायचं.

"सोमवारी म्हणालास, कुऱ्हाडीला धार नाही. मी धार लावून आणली. मंगळवारी म्हणालास, चंद्र वाढता आहे, लाकडाला कीड लागेल. त्याचा काय पलंग करायचाय आपल्याला? आणि आज पाठ!"

"पाठ काय मला विचारून दुखते?"

काल हीच पाठ वाकवून वाकवून तो पोरांशी गोट्या खेळला होता.

पण तिला सलत होतं ते वेगळंच. गेले चार दिवस होड्या त्याला न घेता जात होत्या आणि कुणी हाक मारली नव्हती. एरवी तो एक दिवस घरी राहिला तर "बायकोने खुंटीला टांगलाय काय रे?" म्हणून अख्खा किनारा ओरडायचा. आता तिच्या दारावरून जाताना जो तो आपापल्या जाळ्याकडे बघत जायचा.

बासिलियाची आई दोन घरांतली एक होती. एक नवरा, दोन बायका, दोन चुली, कसावाची दोन शेतं. मासळी आली की वाळूवर सगळ्यांदेखत दोन वाटे पडायचे. चोरी नव्हती, भांडणही नव्हतं. फक्त संध्याकाळी चुलीपाशी बसून आई पावलं ऐकायची, आणि कधी कधी ती पावलं दारावरून पुढे जायची. ते ऐकत बासिलिया मोठी झाली, म्हणून तर तिने क्रिसान्तोला पाद्र्यासमोर उभं केलं होतं. एक घर, एक चूल. एवढंच मागितलं होतं तिने. बाकी त्याने प्यावं, घोरावं, काय वाटेल ते करावं.

"राहू दे गं पोरी," शेजारच्या उंबऱ्यात घेवडा निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "दोरखंडाने बांधून टाकू झाड."

"बांधायचं कशाला? तुमचा मुलगा धडधाकट आहे."

"आमच्या वेळी..." म्हातारी अडखळली.

"तुमच्या वेळी काय?"

"आमच्या वेळी पुरुष तोंडाने सांगायचे," एवढं बोलून तिने सुपात मान घातली.

बासिलियाच्या हातातली नारळाची कवड थांबली. त्यांच्या गारिफुना लोकांत मूल झालं की बाप जड काम करत नाही. कुऱ्हाड तर नाहीच. बापाने घातलेला घाव बाळाला लागतो. थोरल्याच्या वेळी क्रिसान्तोने चौथ्या दिवशी सवयीने एक ओंडका फोडला, आणि संध्याकाळी बाळाची बेंबी रक्ताने भिजली. पोर वाचलं, पण बापाने धसका घेतला तो घेतलाच. धाकट्याच्या वेळी तो तीन आठवडे झुल्यात पडून होता. ह्याच झुल्यात, ह्याच कुशीवर.

धाकटा आता चार वर्षांचा होता.

झाड करकरलं. ह्या खेपेला बराच वेळ.

ती उठली, भिंतीची कुऱ्हाड काढली आणि दांडा त्याच्यासमोर धरला.

"ऊठ. सगळं झाड नको तोडूस. खोडावर एक घाव घाल, पुढचं मी बघते."

"बासिलिया, ऐक तर..."

"एकच, माझ्या राजा. एका घावाने कुणाची पाठ मोडत नाही."

त्याने आईकडे पाहिलं. आईने घेवड्याकडे. मग तो उठला. चेहरा राखेसारखा झाला होता. खोडाशी जाऊन त्याने पाय रोवले, दांडा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले. कुऱ्हाड खांद्याच्या वर गेली.

सूप उपडं झालं. घेवडा अंगणभर उधळला.

"टाक ती खाली, मेल्या!" म्हातारी किंचाळली. "पलीकडच्या गावात तुझी लेक सहा दिवसांची आहे, तिची नाळ अजून पडली नाही!"