आवाजातली मोकळी जागा

२०२३ साल होतं, फेब्रुवारीतली दुपार. वडगावच्या आमच्या कापडदुकानात गिऱ्हाईक नव्हतं. माधवीनं काउंटरवर मोबाइल ठेवला आणि आवाज मोठा केला.

"भिऊ नको. पानी कोमट हाय. आता डाव्या कुशीवर हो बाय, उजवी बाजू आदी."

आवाज जाहिदाभाभींचा, आणि त्या स्वतः समोर स्टुलावर बसून मान वाकडी करून ऐकत होत्या.

"मदी मदी आवाज जातोय गं," त्या म्हणाल्या. "नावं कुटं गेली?"

जाहिदाभाभी गावातल्या मुसलमान बायकांच्या मय्यतीला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालायच्या. पन्नास वर्षं. बदल्यात चहासुद्धा घेत नसत. कफनाचं पांढरं कापड आमच्याच दुकानातून जायचं. त्या पायरी चढल्या की माझा हात लठ्ठ्याच्या ताग्याकडे जाई. मग मी विचारी, "कोण?" कात्री त्या लावू देत नसत. टोकाला चीर पाडून कापड हातानं फाडत. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

माधवी पुण्याहून संशोधनासाठी यायची. मरणाच्या कामातल्या बायका, हा तिचा विषय. भाभींनी तिला सगळी रीत आमच्या मागच्या खोलीत दाखवली होती, फळीवर तक्क्या निजवून, आणि तिनं ती मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. दाखवताना दर वेळी एकेका गेलेल्या बाईचं नाव. तो त्यांचा स्वतःचा नियम होता. नाव घेतल्याशिवाय हात लावायचा नाही.

"आई, सासू, काकी ह्ये जित्यापनी," त्या सांगायच्या. "फळीवर तिला तिच्या नावानं हाक मारायची. जन्मभर कोनी मारलेली नसती."

माधवी खाली बघत म्हणाली, "मावशी, गेलेल्यांची नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही ना. म्हणून तेवढी जागा कोरी ठेवलीय. बाकी सगळं इंटरनेटवर आहे. कुणीही, कुठूनही, फुकट ऐकू शकतं. कुलूप नाही."

"कुलूप न्हाई म्हनतीस, आन नावं तेवढी कोंडून ठेवलीस व्हय?" भाभी म्हणाल्या. "नाव नसलं तर कुशीवर वळंल कोन?"

त्यांची नात अल्फिया दाराशी उभी होती. तळेगावच्या कंपनीत शिफ्टला जायची. ती हसली. "दादी, मेलेली माणसं ऐकतात काय?"

"तुला काय ठाव? तू तर आंगुळीच्या पडद्याच्या आत पाय टाकीत न्हाईस."

ते खरं होतं. अल्फिया मय्यतीला फार भ्यायची. ती गेल्यावर भाभी माझ्याजवळ सरकल्या. "शुभदावैनी, माज्यामागं हितं कोन न्हाई. माजी वेळ आली की तळेगावची बाई बोलवत्याल. चांगली हाय ती. पर तिला माजं नावबी ठाव न्हाई. मुकाट धुवून मोकळी व्हईल." आणि थोड्या वेळानं, "मी वळनार न्हाई बगा."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी अल्फिया पायरी चढली. माझा हात ताग्याकडे गेला. विचारलं मात्र नाही.

तिनं कापड घेतलं, टोकाला चीर पाडली आणि फाडलं. तिसऱ्यांदा फाडताना ती मधेच थांबली. "आजी, तुम्ही चला," ती म्हणाली. "तुमच्या फोनमध्ये दादीचं ते रेकॉर्डिंग आहे ना?"

तळेगावची बाई निघाली होती. अल्फियाचे वडील इर्शादभाई अंगणात खुर्च्या मांडत होते. आंघोळ मीच घालणार, हे मुलीचं म्हणणं ऐकून ते चिडलेच. "फोन लावून कुठं गुसल होतं काय? लोक काय म्हणतील?"

"दादीच सांगतेय, अब्बा. मी फक्त ऐकणार."

आत पडदा बांधला. पाण्यात बोरीचा पाला उकळून घेतला होता. तो वास अंगणापर्यंत आला. पाणी घालायला अल्फियाबरोबर तिची वहिनी महेक आत गेली. मी पडद्याबाहेर पाटावर बसले, मांडीवर फोन घेऊन. मी बटण दाबलं.

आधी तक्क्या ठेवल्याचा आवाज आला. मग भाभींचा श्वास. मग कोरी जागा. आणि मग, "भिऊ नको. पानी कोमट हाय."

अंगणातल्या बायका पडद्याजवळ सरकल्या. एकीनं पदर तोंडाशी नेला. ज्यांना आत निजवलं होतं, त्याच बोलत होत्या.

आत पाणी पडल्याचा आवाज नाही. "आजी, मागं घ्या," अल्फिया म्हणाली.

मी मागं घेतलं. पुन्हा कोरी जागा. या वेळी ती म्हणाली, "दादी."

"भिऊ नको. पानी कोमट हाय."

"नको, नको. परत मागं घ्या."

माझं बोट काचेवरून घसरत होतं. पुन्हा तक्क्या, पुन्हा श्वास. कोरी जागा आली. तेवढ्यात आतून, घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात, नातीनं आजीला हाक मारली, "जाहिदा."

"भिऊ नको. पानी कोमट हाय."

आणि पाण्याची धार पडली.

पुढची एकही जागा कोरी गेली नाही. नाव, मग आवाज, मग पाणी. महेकनं मला नंतर सांगितलं, की डाव्या कुशीवर घेताना दादीचं अंग हलकं लागलं. मी तिला काही विचारलं नव्हतं.

शेवटी भाभी तक्क्याला म्हणाल्या होत्या, "शाबास माजी बाय. झालं बग." तेही वाजलं. तळेगावची बाई दारातच थांबून ऐकत होती. ती आत गेलीच नाही.

अल्फिया अजून कंपनीत जाते. गावात कुणी बाई गेली की सुट्टी टाकते. फोन तिला आता लागत नाही. महेक तिच्यासोबत असते. इर्शादभाई त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत, पण फळी दर उन्हाळ्यात स्वतः तेल लावून ठेवतात. माधवी नागपूरला शिकवते. परदेशातूनसुद्धा लोक ते ऐकतात, असं तिनं कळवलं होतं. आमच्या दुकानात मुलानं तयार कपडे ठेवलेत. लठ्ठ्याचा एक तागा मात्र मी हलवू दिला नाही.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पलंगावर पडून ते लावलं. तक्क्या, श्वास, कोरी जागा. मला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. मी हळूच म्हणून पाहिलं, "शुभदा."

"भिऊ नको. पानी कोमट हाय. आता डाव्या कुशीवर हो बाय."

मी वळले.