वीस-अठरा

"दोन!" ओन्योंग न्हाव्याने दोन बोटं माझ्या कढईवर नाचवली. "अख्ख्या सामन्यात दोन गुण! माझी शेळी रिंगखाली बांधली असती तरी शिंग लागून तिने चार केले असते."

"मग शेळीला घेऊ संघात," तातांग तिबो म्हणाले. "नाहीतरी तुझ्याकडे केस कापून घेणारी तीच एक उरलीय."

मी साखरेतली केळी उलटत राहिले. ते देल्फिनबद्दल बोलत होते आणि देल्फिन माझा नवरा. पण माझी गाडी कोर्टाच्या कडेला रोजचीच, त्यामुळे बाकावरच्या लोकांना मी दिसेनाशी झाले होते. केळी तेवढी माझ्याकडूनच घ्यायचे.

मेमधल्या जत्रेचे बास्केटबॉलचे सामने तोंडावर आले होते. आमच्या बाकावान गावचा संघ तातांग तिबो सांभाळायचे आणि शनिवारी संध्याकाळी ते त्याची बारा नावं देणार होते. अकरा ठरलेली होती. बारावं देल्फिनचं की पोरगेल्या जेरिकचं, यावर आठवडाभर गावात दुसरं बोलणंच नव्हतं. यादी लागली की महिनाभर कोर्टाला कुलूप, आत पाय ठेवायचा तो फक्त त्या बाराजणांनी.

"गेल्या वर्षी पंधरा-सोळा करायचा की नाही?" ओन्योंग सोडायला तयार नव्हता. "औंदा दोन, तीन, एकदा भोपळा. तेहतिसावं लागलं त्याला. गुडघे वाजतात ते दुकानात ऐकू येतात मला. जेरिक बघा, माकडासारखा उडतो."

"उडतो, आणि खाली येईपर्यंत समोरचा बास्केट करून घरी जेवायला गेलेला असतो. शेजारच्या मालुबोगचा तो लंबू आठव. दर सामन्याला पंचवीस करतो. रविवारी देल्फिन पुढ्यात असताना किती केले?"

ओन्योंग हातातलं केळं फुंकत राहिला.

"किती रे?"

"शून्य."

"हां. आता बोल."

"पण तातांग, चेंडू जाळीत गेल्याशिवाय कुणी जिंकलंय का आजवर?"

"समोरच्याचा जाऊ दिला नाही, तर आपला एक गेला तरी पुरतो."

ओन्योंगने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो लंबू सोमवारी माझ्याकडे केस कापायला आला होता. मला विचारतो, तुमच्यातले दोघं का धरतात एकाला? मी म्हटलं, अरे दोघं कुठले, एकटा देल्फिन. तर म्हणे, नाही. डाव्या कोपऱ्यात गेलं की एक समोर असतो आणि एक पाठीशी. पाठीमागचा मानेवर श्वास सोडतो. गार."

तातांग तिबोंनी हातातली काडी तशीच खाली ठेवली. तिला अजून दोन केळी होती. "ऊन फार आहे," म्हणाले. "पोरांना भोवळ येते." आणि आपली तीनचाकी सुरू करून गेले.

चार वाजले होते. गाडीखाली बांधलेल्या झोळीत लिगाया जागी झाली. माझी मुलगी, नऊ महिन्यांची. मी न बघताच तिच्या कपाळाला हात लावला. तापलं होतं. फेब्रुवारीपासून हे असंच चाललं होतं. रोज चारला ताप चढायचा आणि सहाला उतरायचा. दवाखान्यातल्या बाईंनी दोनदा रक्त तपासलं, काही सापडलं नाही. सासूबाई, आमच्या नानाय, त्यांनी बाधा होऊ नये म्हणून तिला लाल झबलं शिवलं आणि एवढंच म्हणाल्या, "हिला कुणीतरी बोलावतंय." कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लिगायाने मान वळवली. रिकाम्या कोर्टाकडे, डाव्या कोपऱ्याकडे पाहून ती हसली आणि मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

हा खेळ तिला सेल्सोने शिकवला होता.

सेल्सो तिचा धर्मबाप, देल्फिनचा शाळेपासूनचा जोडीदार; दोघं एकमेकांना 'पारे' म्हणायचे. बाकावानने त्याच्यासारखा नेम पाहिला नाही. डाव्या कोपऱ्यातून, रेषेला अंगठा टेकवून चेंडू सोडायचा आणि तो जाळीत पडायच्या आधीच पाठ फिरवायचा. सरावात त्याला धरायचं काम पंधरा वर्षं देल्फिनचं. बचाव देल्फिन त्याच्याकडूनच शिकला, असं म्हटलं तरी चालेल. सेल्सोला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी घामाघूम झोळीपाशी यायचा, "मूठ उघड, मूठ मीट" करायचा आणि लिगाया सहा महिन्यांची होती तेव्हाच त्याला पाहून मूठ उघडायला लागली होती. फक्त त्याला पाहून.

फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. आमच्याकडे धडधाकट पुरुष असे जातात कधीमधी. बायको सकाळी हलवते आणि तो उठत नाही.

मयताच्या घरून कुणी सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, पाव घ्यायचा, दुकानात टेकायचं, म्हणजे मागे आलेला मयताचा आत्मा तिथेच चुकतो आणि घराचा रस्ता त्याला सापडत नाही. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. त्या दुपारी संघातले सगळे निघाले तेव्हा नेहमीची बेकरी बंद होती. तातांग तिबो म्हणाले, "कोर्टावर थांबू. कोर्ट काही कुणाचं घर नाही."

काळ्या शर्टातच पोरांनी अर्धा तास चेंडू टाकला, रडली, हसली, आणि आपापल्या घरी गेली. कोर्ट हेच ज्याचं घर होतं, त्याला त्यांनी स्वतः घरी पोचवलं होतं. हे कुणाच्या डोक्यात आलं असेल तर तो बोलला नाही.

गुरुवारी दुपारी देल्फिन जेवायला आला नाही. भात झाकून ठेवला आणि लिगायाला कडेवर घेऊन मी कोर्टावर गेले. बारा-साडेबाराची वेळ, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली ऊन पांढरं होऊन उभं होतं. छप्पर तडतडत होतं, आणि त्या तडतडीखाली बुटांचा आवाज येत होता. बुटांचे रबरी तळवे सिमेंटवर घासल्यावर येतो तो.

देल्फिन डाव्या कोपऱ्यात होता. वाकलेला, हात पसरलेले. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला, एकदम उडी मारून पंजा वर नेला. हातात चेंडू नव्हता. समोर कुणी नव्हतं.

तो थांबला. बूट मात्र आणखी दोनदा वाजले.

"देल्फिन," मी म्हटलं.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "रेषेच्या आत येऊ नकोस, नेनी. पोरीला घेऊन तर अजिबात नाही."

"भात गार झाला."

"आलो."

पण तो आला नाही. मी रेषेबाहेर खाली बसले. लिगाया माझ्या मांडीवर हसायला लागली आणि तिची मूठ सुरू झाली.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"त्या दिवसापासून." घाम त्याच्या हनुवटीवरून टपटपत होता. "सगळ्यांच्या आधी मला कळलं. मी चेंडू टाकला आणि पाठीमागून कुणीतरी माझं कोपर हलवलं. जरासं. तो नेहमी करायचा तसं, पंचाला दिसू नये असं."

"म्हणून तुझे बास्केट होत नाहीत?"

"तिकडे धावलो तर याला कोण धरणार?" त्याने मानेने रिकाम्या कोपऱ्याकडे खूण केली. "पारेला पोर हवीय, नेनी. तिच्यासाठी रेषेपर्यंत येतो. मी पुढे जाऊ देत नाही. यादीतून नाव गेलं तर मी कुलपाबाहेर आणि तो आत एकटा. मग त्याला कोण अडवणार?"

मी लिगायाला छातीशी धरलं. चार वाजायला अवकाश होता, तरी ती तव्यासारखी तापली होती.

"आणि तुम्ही खेळताय तरी काय? किती झाले?"

हे मी का विचारलं कुणास ठाऊक. पंधरा वर्षं रोज तेच विचारत आले होते, म्हणून असेल.

"वीस-अठरा," देल्फिन म्हणाला. "त्याचे वीस. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळचा डाव. अंधारून आलं म्हणून मी म्हटलं, उरलेलं उद्या."

एकवीसला डाव संपतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"म्हणजे त्याला एकच हवाय."

त्याने हाताने हनुवटीवरचा घाम पुसला.

"एक बास्केट, देल्फिन. तीन महिने पोरगी तापतेय आणि तू त्याला एक बास्केट देत नाहीस?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लिगायाचेच आहेत, रडायच्या आधी तसेच मोठे होतात.

"मग तो जाईल गं," म्हणाला.

पोरीसाठी पहारा देतोय, हे खरंच होतं. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. पण पहारेकऱ्यानेच आतून कडी घातली होती. मला राग आला आणि त्याच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. रेषा ओलांडता येत नव्हती, म्हणून दोन्ही राहिलं.

शनिवारी यादीआधीचा शेवटचा सराव होता, आपसात दोन संघ पाडून. तीनपासून बाक भरले. नानायसुद्धा आल्या.

"आज फैसला," ओन्योंग बाकावर उभा राहून ओरडला. "जेरिक, उड रे! म्हातारा तुझ्या बापाच्या वयाचा आहे!"

"बाप काढायचा नाही," तातांग तिबो शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "नाहीतर तुझ्या वस्तऱ्याने तुझीच हजामत करीन."

देल्फिन जेरिकसमोर होता. जेरिकचा एकही चेंडू आत गेला नाही. डाव्या कोपऱ्यात शिरला की पोराचा चेहरा उतरायचा, खांदे आखडायचे, आणि तो घाईने चेंडू दुसऱ्याला द्यायचा. देल्फिनने स्वतः तीनदा टाकला. तिन्ही वेळा रिंगच्या हातभर अलीकडे पडला.

"बघा! बघा!" ओन्योंग.

"तू समोरच्याचा आकडा बघ," तातांग म्हणाले. पण त्यांची नजर फळ्यावर नव्हती, कोपऱ्यात होती.

चार वाजले. लिगायाचं अंग पेटलं. यावेळी ती हसली नाही. तिचे डोळे वर गेले, ओठ कोरडे पडले, आणि मूठ तेवढी उघडत मिटत राहिली, तिची नसल्यासारखी. नानाय काहीतरी पुटपुटायला लागल्या. मी कढईखालचा जाळ बंद केला, तिला उचललं आणि सरळ कोर्टाच्या कडेला गेले, डाव्या कोपऱ्यापाशी. पायाचा अंगठा रेषेला टेकला.

मध्यभागी कुणीतरी पडलं होतं, शिट्टी झाली होती. चेंडू तातांग तिबोंच्या काखेत होता. सगळे उभे होते. देल्फिन तेवढा वाकलेला, हात पसरून, माझ्याकडे पाठ करून.

"देल्फिन," मी म्हटलं. "हात खाली."

बाक खदखदून हसले. "झालं! आता बायको शिकवणार!" ओन्योंग ओरडला.

"पोरीकडे बघ. मग हात खाली कर."

त्याने मान वळवली. लिगायाकडे पाहिलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग समोर, जिथे कुणी नव्हतं तिथे पाहून हळूच म्हणाला, "चल पारे. टाक."

आणि हात खाली सोडले. पंधरा वर्षांत सेल्सोसमोर ते कधी खाली गेले नव्हते.

वारा नव्हता. छप्परसुद्धा तडतडायचं थांबलं. सिमेंटवर बुटाचा एक आवाज आला, आणि मग रिंगखालची जाळी आतून फुगली, उलटली आणि सळकन खाली आली. चेंडू मधोमध गेल्यावर वाजते तशी. चेंडू तातांग तिबोंच्या काखेतच होता.

ओन्योंग हळूच खाली बसला.

माझ्या कुशीत लिगायाला दरदरून घाम फुटला. मूठ उघडी राहिली. तिने जोरात, रागाने भोकाड पसरलं. इतकं सुंदर रडणं मी ऐकलं नव्हतं.

खेळ पुन्हा सुरू झाला, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच सुचेना. जेरिक भीत भीत डाव्या कोपऱ्यात गेला, थांबला, मान चोळली, आणि देल्फिनवरून उडून सरळ बास्केट केला. मग आणखी एक. मग तिसरा. देल्फिन त्याच्यामागे धावत राहिला, गुडघे वाजवत, तेहतीस वर्षांचा साधा माणूस. शेवटी त्याने एक टाकला आणि तो आत गेला. कोपर कुणी हलवलं नाही. त्याने आनंद केला नाही. हाताकडे बघत उभा राहिला.

तातांग तिबो यादीचा कागद घेऊन गाडीपाशी आले. बारावी ओळ कोरी होती. "गेला?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. "बेकरी बंद होती," ते म्हणाले. "पण दहा पावलांवर दुसरं दुकान होतं. मीच..." मी त्यांच्या हातात केळी दिली.

देल्फिन टॉवेलने मान पुसत आला. "जेरिकचं लिहा, तातांग."

"तुझा बचाव..."

"मी एकालाच धरायचो," देल्फिन म्हणाला.

तातांगांनी लिहिलं. ओन्योंग बाजूलाच होता. वाद तो जिंकला होता. काडीचं केळं घेतलं आणि देल्फिनच्या हातात दिलं.

घराकडे निघालो तेव्हा ऊन अजून होतं. बेकरी उघडी होती. देल्फिन आपणहून आत वळला, गरम पाव घेतले आणि बाकड्यावर बसला. खाल्ले नाहीत. कागदाची पिशवी दोन्ही हातांत धरून बसून राहिला, आणि टेबलाखाली त्याचा पाय डावीकडे सरकत होता, उजवीकडे सरकत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा थांबला.

बाहेर पडताना म्हणाला, "नेनी, मागे बघ. कुणी आहे?"

मी वळले. बेकरीपासून कोर्टापर्यंत रस्ता रिकामा होता. माझ्या खांद्यावरून लिगायाही तिकडेच बघत होती. तिने मूठ उघडली, हात हवेत तसाच धरला, आणि मिटली नाही.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि पिशवी माझ्याकडे देऊन पोरीला घेतलं.