मन्याराचा वाकडा रस्ता

हुमाच्या मोबाइलवरचा रस्ता एकदम सरळ होता. शिरपूरहून निघायचं, करवंदच्या धरणाला वळसा घालायचा, सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने अनेरच्या धरणापर्यंत जायचं आणि हायवेने परत. येत्या रविवारी तिच्या सायकल ग्रुपमधली वीस माणसं या रस्त्याने जाणार होती. रस्ता ठरवून आधी बघून येण्याचं काम हुमाकडे होतं, आणि ते तिच्याकडे का आलं हे सगळ्यांना माहीत होतं. तिचे अब्बा हारुन मन्यार यांनी पस्तीस वर्षं याच गावांमधून सायकलवर हिंडून बायकांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या. त्या भागातला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा होता.

हारुनने बांगड्यांच्या खोक्याचं झाकण उलटं केलं आणि पेन्सिलीने रेघ ओढून दिली. ती बघून हुमा हसायलाच लागली.

"अब्बा, हा रस्ता आहे की जिलेबी? करवंदवरून सरळ जायचं सोडून ही कुठली कुठली गावं?"

"तुझ्या मोबाइलने कधी काचेचा माल वाहिलाय?" हारुन म्हणाला. "सरळ रस्त्यावर खडी होती. दहा दर्जन घेऊन निघालं की आठच पोचायच्या. मी लांबून जायचो, पण मऊ मातीतून जायचो."

बोलणं खरं होतं, पण अर्धंच. खडी कधीच गेली होती, सगळीकडे डांबर झालं होतं, आणि झाकणावरची एक वाट तर मातीचा हिशोब लावूनही पटणारी नव्हती. खामखेडी नावाच्या गावात शिरून ती पुढे डोंगराकडे जामणपाड्याला जात होती. ती वाट काढताना हारुनची पेन्सिल जरा थांबली होती. हुमाच्या ते लक्षात आलं नाही. चुलीशी बसलेल्या अमिनाबीच्या मात्र बरोबर लक्षात आलं.

"यावेळी तरी सांगून या," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "किती दिवस पोटात ठेवणार?"

पोटात होतं ते असं. खामखेडीचे झुलाल आबा शेतकरी माणूस. बायको लवकर गेली, एकच मुलगी, दिपमाला. तिने चौदा वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं, जामणपाड्याच्या प्रेमराजशी. पोरगा धरणावर पाणी सोडायच्या कामाला, स्वभावाने सोन्यासारखा, पण जात वेगळी. झुलाल आबांनी सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, "आजपासून माले आंडेर नही." मुलगी नाही म्हणजे नाही. माणूस भलता हट्टी.

आणि त्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते, झोका बांधते, बापाने घेतलेल्या बांगड्या भरते. दिपमालाला बोलावणं आलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी हारुन फेरीवर जामणपाड्याला गेला, तर पोरगी दारातच उभी. तिने विचारलं, "भाऊ, आबांनी काही धाडं का?"

आता मन्याराचा धंदा असा की बाईचा हात हातात घ्यावा लागतो. हात खोटं बोलत नाहीत. तिने तर पेटी उघडायच्या आधीच हात पुढे केला. हारुनच्या तोंडून निघून गेलं, "हो ना. ह्या बांगड्या धाड्यात." त्याने पेटीतल्या सगळ्यात चांगल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि तिच्या हातात भरल्या. पोरगी इतकी रडली, इतकी हसली, की आपण काय करून बसलो हे हारुनला परतीच्या वाटेवर कळलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्या वर्षीही बोलावं लागतं. अकरा आखाज्या तो बोलत राहिला.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सायकल मागच्या भिंतीला टांगली गेली, आणि बांगड्या थांबल्या. गेल्या महिन्यात शिरपूरच्या बसस्टँडवर प्रेमराज भेटला. म्हणाला, "हारुनभाऊ, तीन वर्षं झाली, ती आखाजीला दार लावून बसते. आबांनी बांगड्यासुद्धा बंद केल्या म्हणते. आता आपण त्यांच्यासाठी मेलोच म्हणते."

खोटं बोलून त्याने पोरीला बाप दिला होता आणि आता खोट्यानेच तो काढून घेतला होता. त्यानंतर दोनदा तो खामखेडीच्या एसटीत जाऊन बसला आणि दोन्ही वेळा गाडी सुटायच्या आत उतरून घरी आला. अशा माणसाला लेकीबरोबर सायकलवर बसवणं, हाच उपाय अमिनाबीला सुचला होता. पोरीसमोर मागे फिरायला लाज वाटेल, एवढा तिचा साधा विचार.

गुडघ्यामुळे हुमाने ग्रुपमधल्या स्वप्नीलची बॅटरीची सायकल आणली. हारुनने ती चारी बाजूंनी बघितली आणि नाक मुरडलं. पण कॅरिअर आहे म्हटल्यावर त्याने आपली बांगड्यांची लाकडी पेटी त्यावर बांधलीच. आखाजी चार दिवसांवर आलेली, रिकाम्या पेटीने त्या गावांतून कसं जायचं? अब्बांच्या डोक्यावरच्या गोल टोपीवर हुमाने हेल्मेट घातलं. अमिनाबी पदरात तोंड लपवून हसली.

उजाडायच्या सुमाराला ते करवंदच्या धरणाशी पोचले. पाणी उन्हाळ्याने आत गेलेलं, कडेच्या गाळात बगळे उभे. मागे सातपुड्याची रांग हळूहळू निळी होत होती. हारुनने इतकी वर्षं हे बघितलं होतं, पण नेहमी उतरणीवर ब्रेक धरून, पेटीच्या काळजीने. आज पहिल्यांदाच त्याने मान वर करून बघितलं. बरं वाटलं त्याला. चढावर त्याने गुपचूप बॅटरीचं बटण दाबलं आणि हुमाच्या पुढे निघून गेला.

"अब्बा, बटण!"

"कसलं बटण? पाय आहेत हे, पाय!"

हसत खिदळत ते खामखेडीच्या फाट्याला आले, आणि तिथे हारुनचे पाय थांबले. समोर गाव, उजव्या हाताला हायवे. हायवेने गेलं तर नऊच्या आत घरी. हुमाने मोबाइल काढला. "अब्बा, इथून आत का वळायचं? या गावात ना तलाव, ना टेकडी."

हारुनने सायकल गावाकडे वळवली. मग म्हणाला, "माझं एक काम आहे. तू सोबत चल. तुलाही ऐकायलाच पाहिजे."

झुलाल आबा ओट्यावर बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचं वय, पण पाठ ताठ.

"कोन? हारुन शे का? कितला वरीसनं उना तू! ये, बठ. नि हाई कोन?"

"मन्ही आंडेर शे, आबा. हुमा."

मन्ही आंडेर. किती सहज म्हणून गेला तो. म्हाताऱ्याची नजर हुमावरून फिरली आणि जमिनीकडे गेली. हारुनने पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पहिल्या आखाजीपासून, तुमच्या नावाने, अकरा वर्षं. मागची तीन वर्षं नाही, आणि त्यामुळे पोरीने काय समजून घेतलंय तेही. मध्ये कुठेही तो थांबला नाही.

आबा ऐकत राहिले. मग रागाने त्यांची मान हलायला लागली.

"मन्हा नावनं? माले न विचारता?" ते ओरडले. "नि ती? ती काय म्हने?"

इथे हारुनची खरी परीक्षा होती, कारण सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायची होती. त्याने मान खाली घातली.

"ती तुम्हले सांजोऱ्या धाडे, आबा. दर आखाजीले डबा भरीसन दे. पन मी तुम्हले कश्या देऊ? मन्हं खोटं उघडं पडतं. मी त्या घर लई जाऊ."

सांजोऱ्या. त्या गोड सारणाच्या तळलेल्या पुऱ्या हुमाने चांगल्याच ओळखल्या. आठवीत असल्यापासून दर आखाजीला अब्बा फेरीवरून येताना सांजोऱ्यांचा डबा आणायचे. ती उंबऱ्यात बसून वाट बघायची, आणि अम्मी का कोण जाणे, एकही खायची नाही. अब्बा माझ्यासाठी आणतात, असंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"बठ्ठ्या?" आबांनी विचारलं. "अकरा वरीसन्या बठ्ठ्या सांजोऱ्या तुम्हीन खाध्यात?"

हो, सगळ्याच्या सगळ्या खाल्ल्या होत्या; हारुनने मान हलवून कबूल केलं. म्हातारा उठून उभा राहिला. ओट्याच्या खांबाला धरून बराच वेळ तो रस्त्याकडे बघत होता. आता हा हाकलून देणार, हारुनला वाटलं, आणि हाकललं तर बरोबरच आहे. चौदा वर्षं हा माणूस समजत होता की पोरीने आपली आठवणही ठेवली नाही. आणि तिची आठवण दर वर्षी डब्यात भरून निघत होती, फक्त वाटेत हारुनच्या घरी उतरत होती.

"कश्या व्हत्यात?" आबांनी तोंड न वळवताच विचारलं.

"काय आबा?"

"सांजोऱ्या. कश्या व्हत्यात?"

हारुनने हुमाकडे बघितलं. हुमा पुढे झाली.

"खूप छान असायच्या आबा. खुसखुशीत. फक्त इलायची जास्त असायची. पहिल्याच घासाला नाकात जायची."

म्हाताऱ्याने खांब सोडला.

"तिनी माय बी असाच टाके," ते म्हणाले. "मी कितला सांगू, कमी टाक, कमी टाक. ऐके नही."

आणि ते आत गेले. दोघं बापलेक अंगणात उभे, निघावं की थांबावं कळेना. थोड्या वेळाने आबा बाहेर आले तेव्हा अंगावर धुतलेला सदरा होता आणि डोक्यावर पांढरी टोपी.

"तुन्ही गाडीले मांगे जागा शे ना?"

पेटी कॅरिअरवरून सुटली आणि हुमाच्या पाठीवर गेली. तिने ती ओढणीने घट्ट बांधली. आबा कॅरिअरवर बसले, हारुनचा खांदा धरून. या खेपेला हारुनने बटण उघड उघड दाबलं. अनेरच्या धरणाच्या कडेकडेने, डावीकडे पाणी आणि उजवीकडे डोंगर ठेवून, नऊ किलोमीटर. खड्डा आला की हुमा वेग कमी करायची, आणि मागून पेटीतल्या काचेची बारीक किणकिण ऐकू यायची. अब्बांचा रस्ता वाकडा का होता, ते आता तिला पुरतं कळलं होतं. हारुनने मनात एकच वाक्य घोळवलं होतं. पोचल्याबरोबर दिपमालाला खरं सांगून टाकायचं.

जामणपाड्याला दिपमाला अंगणात कुरडया वाळत घालत होती. सायकल थांबली. तिने आधी हारुनला बघितलं आणि चेहरा उजळला. मग मागून उतरणारी पांढरी टोपी दिसली आणि हातातलं ताट खाली पडलं.

ती पुढे आली नाही. आबाही आले नाहीत. मध्ये दहा पावलांचं अंगण, त्यात कुरडया घातलेलं धोतर पसरलेलं.

"तीन वरीस," शेवटी ती म्हणाली. आवाज कडक ठेवायचा तिचा फार प्रयत्न होता. "आबा, तीन वरीस बांगड्या काबरं नही धाड्यात? मी काय करं व्हतं?"

हारुन एक पाऊल पुढे झाला. "बेटा, त्या बांगड्या..."

आबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या पकडीत अजून नांगराचा जोर होता.

"मन्यारना गुडघा दुखत व्हता, बेटा," झुलाल आबा म्हणाले. "धाडू कोना हाते? म्हनीसन आते मी सोता उनू."

त्यांनी हारुनचा हात सोडला नाही. हारुनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला दुसरा हात आहे हेही त्याला सुचलं नाही. हुमाने पाठीवरची पेटी उतरवून ओट्यावर ठेवली आणि झाकण उघडलं. मग हारुनचा हात सोडून, कुरडया तुडवल्या जाऊ नयेत म्हणून आबा कडेकडेने चालत लेकीपर्यंत गेले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी तो उचलला, पण मध्येच थांबले. अजून एक सांगायचं राहिलं होतं.

"नि सांजोऱ्या चांगल्या व्हत्यात," ते म्हणाले. "बठ्ठ्या खाध्यात. इलायची तेवढी जराशी कमी टाकत जाय."